विमानाला कल्हई

भाऊबीजेला मामा आले की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे आईचं 'किती वाळलास रे' (मामांचं वजन गेल्या वीस वर्षांत किलोभरही हललेलं नाही), आणि दुसरी म्हणजे जेवणं उरकल्यावर मामांचं माझ्या टेबलापाशी येऊन "सध्या काय चाललंय कारखान्यात?" असं विचारणं. नातेवाईक मंडळींना माहीतच आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. मामा ओझरच्या मिग कारखान्यात होते. १९६८ साली पोरसवदा वयात शीट मेटलच्या कामावर लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. आता ऐंशीला टेकलेत. असा माणूस माझ्या प्लास्टिकच्या विमानांना 'कारखाना' म्हणतो, तेव्हा त्यात कौतुक किती आणि टिंगल किती हे मला अजून कळलेलं नाही.

गेल्या भाऊबीजेला मात्र मी त्यांची वाट बघत होतो. कारण २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. १९६३ साली हवाई दलात आलेलं विमान, म्हणजे बासष्ट वर्षं झाली. मामांनी तो कार्यक्रम टीव्हीवर पाहिला आणि नंतर मला फोन केला. "बघितलंस?" एवढंच म्हणाले. मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, आणि मग ते कांद्याच्या भावावर बोलायला लागले.

माझ्या माळ्यावर १/४८ प्रमाणातलं मिग-२१ कितीतरी वर्षं अर्धवट जोडून पडलं होतं. एफएल प्रकारचं, म्हणजे मामा लागले त्या काळात ओझरला तयार होत होतं तेच. हिरवा नाकाचा शंकू, शेपटाच्या टोकाला हिरवा तुकडा, आणि बाकी सगळं विमान रंग न दिलेलं, उघड्या धातूचं. ठरवलं, दिवाळीच्या आत हे पूर्ण करायचं आणि मामांना द्यायचं.

आता ज्यांनी हा उद्योग कधी केला नाही त्यांना वाटेल, चंदेरी रंगाचा डबा आणायचा आणि मारायचा, त्यात काय एवढं! मीही शाळेत असताना तेच केलं होतं. हार्डवेअरच्या दुकानातला सिल्व्हर आणून मारला आणि विमान डिट्टो सोसायटीच्या गेटसारखं दिसायला लागलं. याचं कारण मला फार उशिरा कळलं. चंदेरी रंगात धातूचे बारीक चपटे कण असतात. समजा एक कण २० मायक्रॉनचा आहे. डोळ्याला तो वेगळा दिसत नाही. पण १/४८ च्या विमानावर तो म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ एक मिलिमीटरचा कण झाला! खऱ्या विमानाच्या पत्र्यावर कुणी मिलिमीटरची चमकी लावलेली असते का? विमान लहान केलं, पण रंगाचा कण लहान झाला नाही, म्हणून ते खेळणं दिसतं. मॉडेलवाल्यांसाठी जे खास धातूचे रंग मिळतात, अल्क्लॅड, व्हॅलेहो वगैरे, त्यांची खुबी एवढीच की त्यांतले कण फार बारीक दळलेले असतात.

पण तेवढ्यानंही भागत नाही. या रंगांखाली आधी चकचकीत काळा रंग द्यावा लागतो. तो काचेसारखा गुळगुळीत हवा, कारण वरचा धातूचा थर इतका पातळ असतो की खालचा एकूण एक ओरखडा दाखवतो. बाकी कुठल्याही रंगात झाकलं जाणारं पाप धातूच्या रंगात उघडं पडतं. जोडणीची रेघ, बोटाचा ठसा, धुळीचा कण, सगळं. मला आमच्या गल्लीतल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यानं शिकवलं की घाई झाली की पाण्यातून वॉटर पेपर मारायला बसायचं, राग जातो. मी २००० नंबरच्या पेपरनं चार संध्याकाळी घासलं. मग काळा. दोन दिवस सुकू दिला (नीट सुकला नाही तर वरचा थर तडकतो, हे मी पूर्वी एक विमान वाया घालवून शिकलोय). मग पंधरा पीएसआयच्या हलक्या दाबावर एअरब्रशनं धातूचा रंग, एकावर एक विरळ हात. या रंगांचा वास उग्र असतो, त्यामुळे मास्क, उघडी खिडकी, आणि घरच्यांची बोलणी, तिन्ही अनिवार्य.

तर मंडळी, विमान झालं. आणि काय झालं होतं म्हणून सांगू! पंखात पंख्याचं पातं फिरताना दिसत होतं. बायकोनं त्यात बघून टिकली सरळ केली. मी फोटो काढून चार मित्रांना पाठवले, सगळ्यांनी हात जोडले.

भाऊबीजेच्या दुपारी मामांच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला (जवळचं बघायला ते चष्मा काढतात), विमान उजेडाकडे फिरवलं, आणि म्हणाले,

"कल्हई केलीस होय रे?"

आई हसली. मी नाही हसलो.

"मामा, उघडा धातू आहे तो. एफएल असंच असायचं ना?"

"उघडं होतं, खरंय. पण हे लग्नात रुखवतावर मांडलेलं भांडं झालंय. आमचं रोजच्या वापरातलं होतं."

मग त्यांनी मला बसवून घेतलं. पुढचा तासभर त्यांनी जे सांगितलं, ते मला या छंदातल्या कुठल्याही पुस्तकात इतकं नीट मिळालं नव्हतं. विमान एका धातूचं नसतं, हे पहिलं. अंगावरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. पण मागे जिथून ज्वाळा बाहेर पडते तिथलं नोझल उष्णता सोसणाऱ्या पोलादी जातीचं, त्याचा रंगच वेगळा, काळपट तपकिरी. बरं, पत्रा एकाच जातीचा असला तरी तो लाटताना ज्या दिशेनं लाटला गेला त्या दिशेला त्याची चमक वेगळी असते. शेजारशेजारचे दोन तुकडे आडवे-उभे लागले की एक उजळ दिसतो, एक गडद, आणि तुम्ही जागा बदललीत की उलट. ताणलेला, वाकवलेला पत्रा निराळा. जी झाकणं तपासणीसाठी रोज उघडतात त्यांच्या कडांना स्क्रू-ड्रायव्हरचे ओरखडे, तेलकट बोटं. पंखाच्या मुळाशी, जिथे माणसं पाय देतात, तिथे मळ.

"आणि हे काय?" त्यांनी नोझलवर बोट ठेवलं. तिथे मी मोठ्या हौसेनं निळी-पिवळी झाक दिली होती. अगदी टोकाला पिवळी, आणि विमानाच्या अंगाकडे येताना निळी. "उलटं केलंस. पोलाद तापायला लागलं की आधी गवती पिवळं होतं, मग तपकिरी, मग जांभळं, मग निळं. जिथे जास्त तापलं तिथे निळं हवं, लांब पिवळं. आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोराला येतं हे."

मला राग आला, खोटं कशाला बोलू? इतक्या दिवसांचं काम एका वाक्यात कल्हई झालं होतं. पण रात्री विमान टेबलावर ठेवून बघत बसलो, तेव्हा पटायला लागलं, आणि मग स्वतःचाच राग आला. कारण मी खऱ्या मिगचे फोटो फार कमी बघितले होते. मी बघितली होती इतरांनी केलेली मिगची मॉडेलं! आमच्या या हौशी जगात हेच चालतं, आणि आज मला बोलायचंय ते याबद्दलच. एकानं पंखात तोंड दिसेल असं मॉडेल केलं, त्याला बक्षीस मिळालं, दुसऱ्यानं त्याच्याहून चकचकीत केलं, तिसऱ्यानं त्याच्याहून. विमान मूळ कुठे राहिलं कुणास ठाऊक, आपण एकमेकांच्या भांड्यांना कल्हई करतोय. आणि वर त्याला 'वास्तवदर्शी' म्हणतोय.

याला जी खरी विमानं कारणीभूत आहेत तीही सांगतो. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन मस्टँग घ्या. आज हवाई प्रात्यक्षिकांत उडणारी मस्टँगं आरशासारखी असतात, कारण ती आता हौशी धनिकांची लाडकी आहेत, तासन्‌तास घासली जातात. युद्धातलं मस्टँग तसं नव्हतं. १९४३ च्या शेवटी अमेरिकेनं आपल्या विमानांना छद्मरंग देणं बंद करायचं ठरवलं ते वजन आणि वेळ वाचवायला, शोभेसाठी नव्हे. त्यातली गंमत अशी की मस्टँग पी-५१ डी च्या पंखांचा बराचसा भाग उघडा धातू नव्हताच. तो पंख खास आकाराचा होता, हवा त्यावरून शक्य तितकी सुरळीत वाहावी म्हणून. त्यासाठी रिव्हेटांचे खड्डे लुकण भरून, घासून सपाट करत आणि वरून चंदेरी रंग देत. म्हणजे धड उघड्या धातूचं आणि पंख रंगाचे, दोहोंची चमक वेगळी. तरी दहातली नऊ मॉडेलं नाकापासून शेपटापर्यंत एकसारखी लखलखत असतात. सांगायला जावं तर 'दिसायला छान दिसतं ना' हे उत्तर. छान दिसतं हो. पण मग ते मस्टँगचं मॉडेल नाही, मस्टँगच्या आकाराचं अत्तरदाणीचं मॉडेल आहे.

आपल्याकडे उलटी फसगत होते. चौकाचौकांत, कॉलेजांच्या आवारांत निवृत्त विमानं उभी असतात. त्यांना ऊनपावसातून वाचवायला अधूनमधून जाड रंग देतात. चंदेरी असला तरी तो रंगच. त्यावरून मिगचा धातू कसा होता ते ठरवणं म्हणजे तेलरंग दिलेल्या खांबावरून मूळचं लाकूड ओळखण्यासारखं आहे.

आणि रोज घासून चकाकी ठेवणं लढाऊ विमानाला परवडणारंही नसतं. विमानाचा मिश्रधातू ताकदीला चांगला, पण गंजाला कच्चा. म्हणून त्याच्या पत्र्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर चढवलेला असतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत ही युक्ती निघाली, त्या पत्र्याचं नाव अल्क्लॅड, आणि आमच्या रंगाच्या बाटलीवरचं नाव तिथूनच आलंय. हा थर हवेत स्वतःच्या अंगावर ऑक्साइडचं कवच धरतो आणि किंचित मंद होतो. ते मंद होणं हीच त्याची तब्येत. पॉलिश घासत बसलात तर तो थरच झिजतो. मी हे मामांना फोनवर वाचून दाखवलं, तर म्हणाले, "हे तुला पुस्तकात बघावं लागलं?" असो. (अमेरिकेतल्या भावंडांनी अमेरिकन एअरलाइन्सची चकचकीत विमानं पाहिली असतील. ती वर्षानुवर्षं खरोखरच घासलेल्या धातूची असत. २०१३ साली त्यांनी चंदेरी रंग घेतला, कारण नव्या विमानांचं अंग धातूचं राहिलं नव्हतं, ते घासणार काय?)

खरं तर आपल्याला मंद अ‍ॅल्युमिनियम शिकायला कुठे जायची गरज नाही. स्वयंपाकघरात चला. हिंडालियमचं पातेलं बाहेरून कसं दिसतं बघा. चंदेरी नाही, राखाडी नाही, मध्येच कुठेतरी. कडेला हात लागून लागून उजळलेलं, बुडाशी काळपट, मध्ये तारेच्या घासणीच्या बारीक गोल रेघा. मी जुनी युक्ती म्हणून फॉइल अंड्यांबरोबर उकळत ठेवलं होतं. त्यानं फॉइलची चकाकी मरते आणि मग ते कापून मॉडेलवर चिकटवता येतं. आई म्हणाली, "अंडी कशाला नासतोस, बोअरच्या पाण्यात टाक, आपोआप काळं पडेल." आणि पडलं! म्हणून तर कुकरच्या तळाशी चिंचेचं बुटूक टाकायचं असतं. आईला ऑक्साइड वगैरे काही सांगता येणार नाही, पण या धातूचा स्वभाव तिला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

तर दुसरं मिग केलं. इरेला पेटून. यावेळी काळ्याच्या जागी मधूनमधून गडद राखाडी, एकेक तुकडा मास्किंग टेप लावून वेगळ्या छटेचा (टेप आधी हाताला चिकटवून तिचा चिकटपणा मारायचा, नाहीतर रंग घेऊनच निघते). झाकणांच्या कडेला तेलरंगाचा पातळ मळ, पंखाच्या मुळाशी बुटांचे डाग, नोझल मामांच्या क्रमानं. संक्रांतीला तिळगूळ आणि विमान घेऊन नाशिकला गेलो. मनात म्हटलं, आता बोला.

मामांनी चष्मा कपाळावर सारला. फिरवलं. बराच वेळ.

"चांगलंय," म्हणाले. "नोझल बरोबर." मग थांबले. "पण हे कुठलं विमान?"

"म्हणजे? एफएल."

"ते दिसतंय. कधीचं? आमच्याकडून नुकतं बाहेर पडलेलं, का स्क्वाड्रनमध्ये राबलेलं, का ओव्हरहॉलला परत आलेलं? तू सगळंच केलंयस. इथे वर नवं आहे आणि इथे खाली दहा वर्षं वापरलंय. आणि इतके चौकोन चौकोन? गोधडी आहे का ही?"

मामी आतून म्हणाल्या, "अहो, जरा चांगलं म्हणा की त्याला."

"चांगलं म्हटलं ना आधी!"

यावेळी मात्र मला राग आला नाही, कारण त्यांनी बोट बरोबर दुखऱ्या जागी ठेवलं होतं. चकाकीच्या फॅशनवर मी वैतागलो आणि तिच्याबरोबर जन्मलेल्या दुसऱ्या फॅशनच्या गळाला लागलो. हल्ली प्रत्येक तुकडा वेगळ्या छटेचा आणि प्रत्येक रेघेत काजळी भरलेली, असंही एक खूळ आहे. तीही कल्हईच, फक्त काळी. शिवाय प्रमाणाचा हिशेब तिथेही आहे. १/४८ चं मॉडेल हातभर अंतरावरून बघणं म्हणजे खरं विमान सत्तर-पंचाहत्तर फुटांवरून बघणं. तेवढ्या अंतरावरून स्क्रू-ड्रायव्हरचा ओरखडा दिसत नाही, शेजारच्या दोन पत्र्यांतला फरक जेमतेम जाणवतो. मामांनी सांगितलेलं सगळं खरं होतं, पण ते विमानाला नाक लावून काम करणाऱ्याला दिसणारं खरं होतं. ते मी लांबून बघायच्या वस्तूवर जसंच्या तसं उतरवलं.

म्हणून माझं आता मत असं झालंय की रंगाची बाटली उघडण्याआधी खोक्यावर एक तारीख लिहावी. 'मिग-२१' नाही, 'मिग-२१, अमुक महिना, अमुक साल'. १९७० च्या हिवाळ्यातलं एफएल वेगळं आणि डिसेंबर १९७१ मधलं वेगळं. युद्धाच्या तोंडावर ही चमकणारी विमानं वरून ओळखू येऊ नयेत म्हणून घाईघाईनं हिरवे-तपकिरी रंग फासले गेले, ते प्रत्येक ठिकाणी वेगळे, आणि वापरात ते खरवडून खालचा धातू पुन्हा डोकावायला लागला. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला केला तो याच मिगांनी. ज्याला धातू करून दाखवायचाय त्यानं हे रंगाखालून डोकावणारं अ‍ॅल्युमिनियम करून दाखवावं, असं मला वाटतं. तिथे चकाकीला वावच नाही, पण धातू आहे हे कळायलाच हवं. माझं तिसरं मिग तेच आहे. खोक्यावर तारीख लिहिलीये. मामांनी अजून बघितलेलं नाही.

आता राहिलं ते पहिलं, कल्हईवालं. संक्रांतीला निघताना मी गोधडीवालं मामांपुढे ठेवून म्हटलं, हे तुम्हाला ठेवा, पहिलं मी मोडीत काढतो. तर म्हणाले, "नको नको, हे तू घेऊन जा. मला ते चकचकीतच पाठव."

"अहो, पण तुम्हीच म्हणालात ना, रुखवताचं भांडं?"

"मग? शोकेसमध्ये काय मांडतात?" आणि थोडं थांबून, खिडकीबाहेर बघत, "लाइनवरून पहिल्यांदा उन्हात काढायचे ना, तेव्हा एकदा तसं दिसायचं. पाच-दहा मिनिटं."

पाठवलं. गेल्या आठवड्यात मामींचा फोन आला. काच पुसायच्या ओल्या फडक्यानं त्यांनी विमानही लख्ख पुसलं आणि पंखावरच्या चक्राचं केशरी कडं फडक्याला लागून आलं. मामांना अजून सांगितलेलं नाही म्हणाल्या, त्यांचा चष्मा बदलायचाय, तोवर तू ये. नवीन डेकल मागवलंय.